अहवाल हाती येण्यापूर्वी



घरात मूल जन्माला येते तेव्हा दोन कुळांच्या आशा त्याच्या पाळण्याभोवती गोळा झालेल्या असतात. बाळाचे नाक कोणाचे, कपाळ कोणाचे, वर्ण आजोबांचा की मामाचा, ही चर्चा बारशापर्यंत रंगते. वारशाची ही सुखद बाजू सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु त्याच वारशातून काही वेळा आजारही येतो. बाळ सहा महिन्यांचे होईतो फिकट पडू लागते, अंगाला लागत नाही, सारखे आजारी पडते. तपासण्या होतात आणि एके दिवशी ‘थॅलेसिमिया मेजर’ हे दोन अनोळखी शब्द लिहिलेला कागद आई-वडिलांच्या हाती पडतो. त्या क्षणी घरात उमटणारा पहिला प्रश्न पुष्कळदा उपचारांचा नसतो. ‘हे आले कोणाकडून?’ हा असतो. आणि कोणताही पुरावा हाती नसताना या प्रश्नाचे बोट बहुतेक घरांत सुनेच्या माहेराकडे वळते.

या प्रश्नाचे खरे उत्तर देणारी आणि त्यापुढचा मार्ग दाखवणारी एक विद्याशाखा आहे. तिला आनुवंशिक समुपदेशन म्हणतात. रक्ताच्या तपासण्या आज जिल्ह्याच्या गावीही होतात. अहवाल मिळतो. मात्र त्या अहवालाचा अर्थ काय, त्यातून कोणते निष्कर्ष निघतात आणि कोणते निघत नाहीत, हे समजावून सांगणारा माणूस फार थोड्या कुटुंबांना भेटतो. तपासणी आहे आणि समज नाही, अशी ही स्थिती आहे. समजेवाचून केलेली तपासणी घराला आधार देण्याऐवजी घर कसे मोडू शकते आणि समजुतीने केलेली तपासणी पिढीचे दुःख कसे टाळू शकते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दोष कोणाचा?

ऑस्ट्रियन साम्राज्यातील ब्र्यून, म्हणजे आजचे चेक प्रजासत्ताकातील ब्रनो, या नगरीतील एका मठात ग्रेगोर मेंडेल हे धर्मोपदेशक वाटाण्याच्या वेलींवर प्रयोग करीत होते. १८६५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. आई-वडिलांकडून अपत्याकडे गुण जोडीजोडीने येतात. जोडीतील एक घटक आईचा, दुसरा वडिलांचा. आणि एखादा गुण एका पिढीत झाकलेला राहून पुढच्या पिढीत प्रकट होऊ शकतो, असा त्या प्रयोगांचा सारांश होता. त्यांच्या हयातीत या कार्याची कोणी दखल घेतली नाही. १९०० मध्ये ते पुन्हा उजेडात आले आणि आधुनिक आनुवंशशास्त्राचा पाया ठरले.

थॅलेसिमियाचे गणित नेमके हेच आहे. रक्तातील हिमोग्लोबिन घडवण्याची आज्ञा देणाऱ्या जनुकांच्या जोडीपैकी एक सदोष असेल, तर तो मनुष्य ‘वाहक’ असतो. वाहक हा रुग्ण नव्हे. तो शिकतो, खेळतो, संसार करतो आणि दीर्घायुषी होतो. त्याच्या तांबड्या पेशी किंचित लहान असतात, क्वचित हिमोग्लोबिन थोडे कमी भरते, एवढेच. पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील, तरच त्यांच्या अपत्याला तीव्र स्वरूपाचा आजार होण्याची शक्यता निर्माण होते. म्हणजे ज्या घरात असे मूल जन्मले, तेथे आई आणि वडील या दोघांचाही वाटा निरपवादपणे समान असतो. सुनेकडे बोट दाखवणाऱ्या सासूबाईंच्या मुलाच्या रक्तातही तोच दोष असतो. आणि त्याला तो त्याच्या आई किंवा वडिलांकडूनच आलेला असतो.

त्याला ‘दोष’ म्हणावे काय, हाही प्रश्नच आहे. जे. बी. एस. हॉल्डेन हे थोर शास्त्रज्ञ १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांनी देह ठेवला. १९४९ मध्ये त्यांनी असा विचार मांडला होता की, जगाच्या ज्या पट्ट्यात मलेरियाचे थैमान होते, त्याच पट्ट्यात थॅलेसिमियाचे वाहक अधिक आढळतात, याचे कारण वाहकांना मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळत असावे. पुढील संशोधनाने या विचाराला बळ दिले; सिकलसेलच्या बाबतीत तर हे संरक्षण निःसंशय सिद्ध झाले आहे. ज्या जनुकाच्या बळावर पूर्वज हिवतापाच्या साथींतून तगले, त्याच जनुकाच्या दोन प्रती एकत्र आल्या की नातवंडाला आजार होतो. ज्या घराण्यात असे जनुक आहे, त्याने कोणतेही पाप केलेले नाही. गरोदरपणातील ग्रहण, आईचे खाणेपिणे किंवा मागील जन्मीचे कर्म यांचाही त्याच्याशी संबंध नाही.

प्रत्येक जन्मजात व्याधीची कथा मात्र एकसारखी नसते. डाऊन सिंड्रोम या अवस्थेत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते. फ्रेंच शास्त्रज्ञ जेरोम लेज्यून यांनी १९५९ मध्ये हे दाखवून दिले. अशा सुमारे ९५ टक्के बालकांत ही जास्तीची प्रत बीजपेशी तयार होताना आकस्मिकपणे आलेली असते. ती घराण्यातून वाहत आलेली नसते. परंतु ३-४ टक्के बालकांत गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो आणि तशी रचना आई किंवा वडिलांपैकी एकात सुप्त असू शकते. पहिल्या प्रकारात तरुण मातेच्या पुढील अपत्याबाबत धोका साधारण एक टक्का असतो. दुसऱ्या प्रकारात आई वाहक असेल तर तो १०-१५ टक्क्यांपर्यंत जातो. दोन्ही बाळे दिसायला सारखीच असतात. म्हणूनच ‘मुलाला पाहूनच कळले, आणखी तपासणी कशाला?’ असे म्हणून थांबता येत नाही. गुणसूत्रांचा अहवाल त्या बाळापेक्षाही त्याच्या भावी भावंडांसाठी, मावशीसाठी आणि आत्यासाठी महत्त्वाचा असतो.

‘चारांत एक’ म्हणजे काय?

दोघेही वाहक असलेल्या दांपत्याला डॉक्टर सांगतात, “प्रत्येक गर्भारपणात २५ टक्के धोका आहे.” हे वाक्य ऐकून घरी परतलेली जोडपी दोन टोकाचे अर्थ काढतात. ज्यांचे पहिले मूल आजारी आहे ते म्हणतात, “चारांतले एक होऊन गेले, आता पुढची तीन निरोगी.” दुसरे म्हणतात, “आता आमच्या नशिबी मूलच नाही.” दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. नाणेफेकीत एकदा छापा पडला म्हणून पुढच्या वेळी काटा पडेलच असे नसते. नाण्याला मागची फेक आठवत नाही. जनुकांचेही तसेच. प्रत्येक गर्भारपणात नव्याने चारांत एक शक्यता आजारी बाळाची, चारांत दोन वाहक बाळाची आणि चारांत एक पूर्णतः मुक्त बाळाची. पहिली दोन मुले सुदृढ झाली तरी तिसऱ्या वेळचा धोका तेवढाच राहतो, आणि पहिले आजारी झाले तरी दुसरे निरोगी होण्याची शक्यता तीन चतुर्थांश असते.

हाच हिशेब देशाच्या पातळीवर मांडून पाहावा. भारतात सरासरी ३-४ टक्के लोक बीटा थॅलेसिमियाचे वाहक आहेत, असा अंदाज आहे. ४ टक्के धरले तर कोणत्याही दोन व्यक्ती एकत्र आल्यास दोघेही वाहक असण्याची शक्यता ६२५ जोडप्यांत एक, आणि आजारी अपत्याची शक्यता २५०० जन्मांत एक. देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बालके जन्मतात, हे लक्षात घेतले तर दरवर्षी दहा हजारांच्या आसपास बालके हा आजार घेऊन का येतात, ते कळते. ज्या समाजगटांत वाहकांचे प्रमाण १० टक्के आहे आणि विवाह त्याच गटात होतात, तेथे शंभर जोडप्यांत एक जोडपे धोक्याचे ठरते. विदर्भातील आणि नंदुरबार-गडचिरोलीसारख्या वनवासीबहुल जिल्ह्यांत सिकलसेलच्या बाबतीत हेच घडते. शिवाय एक जोडीदार सिकलसेलचा व दुसरा थॅलेसिमियाचा वाहक असेल, तर अपत्यात या दोहोंच्या संयोगाचा गंभीर आजार उद्भवू शकतो. त्यामुळे वेगळ्या प्रदेशातील किंवा वेगळ्या जातीतील सोयरीक केली म्हणजे तपासणीची गरज संपली, असेही नाही.

चाळणी आणि निदान

पालकांच्या मनात सर्वाधिक गोंधळ असतो तो चाळणी चाचणी आणि निदान चाचणी यांतील भेदाबाबत. गरोदरपणाच्या ११ ते १३ आठवड्यांत सोनोग्राफीने बाळाच्या मानेमागील जाडी मोजतात आणि आईच्या रक्तातील दोन घटक तपासतात. ही चाळणी आहे. तिच्यात डाऊन सिंड्रोम असलेल्या गर्भांपैकी सुमारे ९० टक्के हाती लागतात, परंतु निरोगी गर्भांपैकीही सुमारे ५ टक्के ‘अधिक धोक्या’च्या बाजूला पडतात. दहा हजार गर्भवती स्त्रिया धरा. त्यांतील दहा जणींच्या गर्भात ही अवस्था आहे असे माना. चाळणीत त्यांतील नऊ सापडतील. उरलेल्या ९,९९० स्त्रियांपैकी सुमारे ५०० जणींच्या अहवालावरही ‘अधिक धोका’ असाच शेरा येईल. म्हणजे तो शेरा मिळालेल्या सुमारे ५०९ जणींपैकी ५०० जणींची बाळे या अवस्थेपासून मुक्त असतील. आणि दहावी स्त्री? तिचा अहवाल ‘कमी धोका’ असा येईल आणि तरीही तिचे बाळ ती अवस्था घेऊन जन्मेल.

एवढे गणित समजले तर ‘अधिक धोका’ हा शब्द वाचून घरात रडारड होणार नाही आणि ‘कमी धोका’ म्हणजे हमीपत्र, असाही समज होणार नाही. अलीकडे आईच्याच रक्तातील गर्भाच्या डीएनएचे अंश तपासण्याची चाचणी दहाव्या आठवड्यानंतर करता येते. ती पहिलीपेक्षा कितीतरी अचूक आहे, तरीही ती चाळणीच आहे. नक्की निदानासाठी ११ ते १३ आठवड्यांच्या सुमारास वारेचा सूक्ष्म अंश किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासावे लागते. या दोन्ही क्रियांत गर्भपाताचा अल्पसा धोका असतो, म्हणून त्या सरसकट करीत नाहीत. चाळणीच्या एका कागदावर गर्भाचे भवितव्य ठरवणे हे अज्ञान आहे, आणि त्याची किंमत एखादे निरोगी बाळ मोजू शकते.

नव्या जनुकीय चाचण्यांनी आणखी एक शब्द घरात आणला आहे : ‘अर्थ अनिश्चित’. जनुकात वेगळेपणा सापडला, पण तो रोगकारक की निरुपद्रवी, हे आज सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ. जगातील बहुतेक जनुकीय माहितीसाठे युरोपीय वंशाच्या लोकांवर आधारलेले असल्याने भारतीयांच्या अहवालात असे शेरे अधिक येतात. जानेवारी २०२५ मध्ये दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती संशोधकांसाठी खुली झाली. असे साठे वाढत जातील तशी ही अनिश्चितता कमी होईल. तोवर ‘अनिश्चित’ याचा अर्थ ‘आजारी’ असा घेऊ नये.

ग्रीसमधील गाव आणि सायप्रसचे बेट

तपासणीमागे समज नसेल तर काय होते, याचा धडा ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावाने दिला आहे. तेथे सिकलसेलचे वाहक मोठ्या प्रमाणावर होते, साधारण चारांत एक. शास्त्रज्ञांनी सर्वांची तपासणी केली, वाहकांना तसे कळवले आणि दोन वाहकांनी परस्परांशी विवाह टाळावा, अशी अपेक्षा ठेवली. काही वर्षांनी, १९७० च्या दशकात, पुन्हा पाहणी केली तेव्हा धोक्याच्या विवाहांची संख्या जवळजवळ तेवढीच निघाली, जेवढी तपासणी न करताही झाली असती. कारण गावाने वाहकांना कमी लेखण्यास आरंभ केला होता. वाहक मुलीला स्थळ येईना. मग घराण्यांनी अहवाल दडवले आणि जोडीदार न सांगता निवडले गेले. ज्ञान आले, पण कलंकाच्या रूपाने आले. म्हणून ते कामी आले नाही.

त्याच दशकात सायप्रस बेटावर थॅलेसिमियाविरुद्धचा प्रयत्न सुरू झाला. तेथे सातांतील एक मनुष्य वाहक होता. शासन, डॉक्टर, रुग्णांचे पालक आणि चर्च एकत्र आले. विवाहापूर्वी दोघांनी तपासणी करून समुपदेशन घेतल्याचे प्रमाणपत्र चर्चने मागावयास सुरुवात केली. त्या प्रमाणपत्रावर निकाल लिहिलेला नसतो. दोघांनी तपासणी केली आणि माहिती समजून घेतली, एवढेच त्यात नमूद असते. विवाह करावा की नाही, हा निर्णय त्या दोघांचा. दोघेही वाहक निघालेली बहुतेक जोडपी विवाह मोडत नाहीत. पुढे गर्भारपणी निदान करून घेतात. थॅलेसिमिया मेजर घेऊन जन्मणाऱ्या बालकांची संख्या तेथे जवळजवळ शून्यावर आली. त्यात गर्भनिदानानंतरच्या गर्भपातांचाही वाटा होता, हे कठोर सत्य झाकण्यात अर्थ नाही. परंतु कोणाचे नाव जाहीर झाले नाही आणि कोणाचे स्थळ अडले नाही.

तपासणीचे तंत्र दोन्हीकडे होते. समाजाने त्या अहवालाकडे कसे पाहिले, तेवढ्यावरून परिणाम वेगळे झाले.

गोत्र, पत्रिका आणि रक्त

सगोत्र विवाह वर्ज्य असल्याने हे आजार आपल्याकडे टळतात, असे अभिमानाने सांगितले जाते. जवळच्या रक्तातील विवाह टाळण्याची पूर्वजांची दृष्टी आदरास पात्र आहेच. परंतु गोत्र पित्याच्या बाजूने चालते, आणि अपत्याचा निम्मा जनुकीय वारसा मातेकडून येतो. मामाच्या मुलीचे गोत्र वेगळे असते, म्हणून महाराष्ट्रातील अनेक समाजांत तो विवाह रूढीने मान्य आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही सपिंडाचा निषेध करताना रूढीचा अपवाद राखला आहे. पण जनुकांच्या दृष्टीने मामेबहीण आणि चुलतबहीण यांत काहीच अंतर नाही. कोणत्याही दांपत्याच्या अपत्यात गंभीर जन्मजात व्यंग असण्याची शक्यता २-३ टक्के असते. सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या विवाहात ती साधारण दुप्पट होते. यात घाबरण्याचे कारण नाही, कारण अशी नव्वदांहून अधिक टक्के मुले निरोगीच जन्मतात. परंतु विवाह ठरवण्यापूर्वी समुपदेशकाला भेटण्याचे कारण निश्चित आहे. उलटपक्षी, गोत्रे वेगळी असली तरी पोटजातीच्या लहान वर्तुळात शतकानुशतके सोयरिकी होत आल्या असतील, तर तेच जनुक दोन्ही घरांत असू शकते. ते गोत्रावरून कळत नाही. पत्रिकेवरूनही कळत नाही. एका रक्ततपासणीवरून कळते.

ही तपासणी साधी आहे. प्रथम रक्तपेशींची गणना. पेशी लहान दिसल्या तर हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी. सर्वसामान्य माणसात ‘ए-टू’ या प्रकाराचे प्रमाण साधारण ३.५ टक्क्यांच्या आत असते; थॅलेसिमियाच्या वाहकात ते बहुधा त्याहून अधिक भरते. शरीरात लोहाची तीव्र कमतरता असेल तर हे प्रमाण फसवे कमी दिसू शकते, म्हणून अहवाल जाणकाराकडूनच वाचून घ्यावा. ‘रक्त कमी आहे’ म्हणून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या आणि तरीही सुधारणा न होणाऱ्या मुलींमध्ये काही वाहक असतात. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था या क्षेत्रात दीर्घकाळ काम करीत आहे. सिकलसेलसाठी केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय अभियान सुरू केले असून ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे.

तपासणीत मुलगी वाहक निघाली, तर काय? तिचा विवाह वाहक नसलेल्या कोणाशीही निर्धास्तपणे होऊ शकतो. त्यांची निम्मी अपत्ये वाहक होण्याची शक्यता राहील, परंतु एकालाही तीव्र आजार होणार नाही. एवढी गोष्ट प्रत्येक वधुवर मंडळाने आपल्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावी. वाहक मुलगी नाकारणाऱ्या वरपक्षाने प्रथम आपल्या मुलाचे रक्त तपासावे. तो वाहक नसेल तर नकाराला कारण उरत नाही; आणि असेल, तर त्या मुलीला नावे ठेवण्याचा अधिकार उरत नाही.

सल्ला, सक्ती आणि कायदा

या विद्येचा इतिहास सर्वस्वी उजळ नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘वंशसुधारणे’च्या नावाखाली अमेरिकेत हजारो लोकांची सक्तीने नसबंदी झाली, १९३३ मध्ये जर्मनीत नाझी राजवटीने तसा कायदा केला आणि ती वाट पुढे अपंगांच्या हत्येपर्यंत गेली. या पार्श्वभूमीवर अमेरिकन शास्त्रज्ञ शेल्डन रीड यांनी १९४७ मध्ये ‘आनुवंशिक समुपदेशन’ हा शब्द योजला. कुटुंबाला माहिती द्यावी आणि निर्णय कुटुंबावर सोपवावा, हे या विद्येचे शील त्यातून घडत गेले. खरा समुपदेशक ‘हे मूल ठेवा’ किंवा ‘ठेवू नका’ असे सांगत नाही.

भारतातील अनुभवही सावध करणारा आहे. १९७५ मध्ये दिल्लीत गर्भजल परीक्षण सुरू झाले ते गर्भातील व्यंग शोधण्यासाठी. थोड्याच काळात त्याचा उपयोग मुलगी शोधून तिला नाहीशी करण्यासाठी होऊ लागला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. व्याधीसाठी आलेले तंत्र कन्येच्या गळ्यापर्यंत पोहोचले, ते समाजाच्या दृष्टीमुळे. व्याधीसाठीचे गर्भनिदान कायद्याने आजही करता येते. ते नोंदणीकृत केंद्रातच आणि स्त्रीच्या लेखी संमतीनेच व्हावे लागते.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. गर्भात गंभीर विकृती असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास २४ आठवड्यांनंतरही परवानगी मिळू शकते. मात्र पाचव्या-सहाव्या महिन्यात, बाळाची हालचाल जाणवू लागल्यावर, असा निर्णय घेण्याची वेळ येणे हे त्या मातेवर किती मोठे संकट आहे, याची कल्पना घरातील पुरुषांनी करावी. विवाहापूर्वी किंवा गरोदरपणाच्या पहिल्याच महिन्यांत तपासणी झाली असती तर हा प्रसंग बहुधा टळला असता. निर्णय कोणताही होवो, तो त्या पती-पत्नीने सर्व माहिती घेऊन, आपल्या धर्मबुद्धीला स्मरून करावा. मंडळींनी दारात बसून तो लादू नये.

जन्मलेल्या बाळासाठी

तपासणी म्हणजे गर्भपात, असे समीकरण पुष्कळांच्या मनात असते. त्यामुळे तपासणीचे नाव काढताच श्रद्धाळू कुटुंबे दूर सरतात. वास्तविक अनेक तपासण्या बाळाला वाचवण्यासाठीच आहेत. जन्मतः थायरॉइड ग्रंथी नीट काम करीत नसल्याचे बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून कळते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते मूल इतरांसारखेच शिकते. निदानास काही महिन्यांचा उशीर झाला तर बुद्धीची हानी भरून येत नाही. गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्यास पाठीच्या कण्याचे व्यंग मोठ्या प्रमाणात टळते. आधी असे बाळ झालेल्या मातांत, अधिक मात्रेने, हा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो, हे १९९१ मध्येच सिद्ध झाले आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात व्यंगांसाठीही विनामूल्य तपासणी होते.

आणि जे मूल थॅलेसिमिया घेऊन आले आहे, त्याचे काय? त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. वारंवार रक्त दिल्याने शरीरात लोह साठते. ते बाहेर काढणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. उपचार नियमित मिळाले तर ही मुले शिकतात, नोकरी करतात, संसारही करतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. त्यासाठी सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारांत एक असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसिमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया यांचा समावेश दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत केला आहे. या हक्कांची माहिती देणे हेही समुपदेशनच आहे. पुढील आजारी जन्म टाळण्याच्या उत्साहात आज अंगणात खेळणाऱ्या या मुलाला ‘टाळता आले असते ते’ असे कोणी ऐकवू नये. तो टाळण्याचा विषय नाही. तो घरातील मुलगा आहे.

काय करता येईल?

कार्यकर्त्यांच्या हाती यातले पुष्कळ आहे. मे महिन्यात, महाविद्यालये बंद असताना, रक्तपेढ्या रिकाम्या होतात आणि त्याच वेळी ही मुले रक्ताची वाट पाहत असतात. रक्तदान शिबिरांचे वेळापत्रक त्यांच्याकडे पाहून आखता येईल. ८ मे हा जागतिक थॅलेसिमिया दिन आहे. ते निमित्त साधता येईल. महाविद्यालयीन युवक-युवतींची तपासणी विवाहाची बोलणी सुरू होण्यापूर्वीच करावी. मात्र एक पथ्य पाळावे : समजावून सांगणाऱ्याची व्यवस्था झाल्यावाचून तपासणीचे शिबिर घेऊ नये, आणि कोणाचाही अहवाल त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नये. मंचावरून वाहकांची नावे वाचणारे शिबिर न घेतलेले बरे.

पालकांनी समुपदेशकाकडे जाताना तीन पिढ्यांची माहिती सोबत न्यावी : दोन्हीकडील कोणाला कोणता आजार होता, कोणती बाळे लहानपणीच गेली, कोणाचे गर्भपात झाले, नात्यात विवाह झाले का. आजी-आजोबांना हे ठाऊक असते. त्यांनी संकोच सोडून ते सांगावे. पती-पत्नी दोघांनी मिळून जावे. तपासणीपूर्वी पाच प्रश्न विचारावेत : ही चाळणी आहे की निदान? निकाल कसाही आला तरी पुढे कोणते मार्ग आहेत? ही तपासणी काय सांगू शकत नाही? तिच्यात बाळाला किंवा आईला काही धोका आहे का? आणि आणखी कोणत्या नातेवाइकाने तपासणी करावी? उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत, कारण घाबरलेल्या मनाला ऐकलेले निम्मेही आठवत नाही.

या उन्हाळ्यात अनेक घरांत लग्नाची बोलणी होतील. याद्या होतील, मानपान ठरेल, मुहूर्त काढले जातील. त्याच बैठकीत वरपित्याने स्वतः पुढाकार घेऊन म्हणावे, “आमच्या मुलाची रक्ततपासणी आम्ही करून घेतो, आपणही मुलीची करून घ्यावी, अहवाल ती दोघे एकत्र बसून डॉक्टरांकडून समजून घेतील.” हे वाक्य मुलाच्या बाजूने आधी आले, तर मुलीच्या घराला त्याचा काच राहणार नाही.